दुसऱ्याच्या श्वासासाठी नळी

हौशी स्कूबा डायव्हरच्या रेग्युलेटरला साधारणपणे चार नळ्या असतात. सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेली फर्स्ट स्टेज आतला दोनशेएक बारचा दाब उतरवते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणून ठेवते. तिथून एक नळी तोंडातल्या सेकंड स्टेजकडे जाते. दुसरी बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी घातलेल्या जाकिटात, हवा भरते. तिसरी उच्च दाबाची असून तिच्या टोकाला प्रेशर गेज असतो. चौथ्या नळीला आणखी एक सेकंड स्टेज जोडलेली असते. तिला ऑक्टोपस म्हणतात. स्वतःची सेकंड स्टेज बिघडली तर ती उपयोगी पडतेच, पण ती बाळगण्याचे मुख्य कारण सोबतचा डायव्हर, म्हणजे बडी, हे आहे. त्याची हवा संपली तर त्याने श्वास कशातून घ्यायचा, याचे ते उत्तर आहे. म्हणून या नळ्यांची लांबी किती असावी, त्या अंगावरून कशा न्याव्यात आणि प्रसंगी त्यांतली कोणती द्यावी, हे ठरवताना एक जुना नीतिप्रश्नही सोडवला जात असतो: संकटात सापडलेल्याचे आपण काय देणे लागतो, आणि ते देणे केव्हा ठरवायचे असते?

पाण्याखाली हा प्रश्न फार थोड्या वेळात सोडवावा लागतो. दर १० मीटर खोलीला दाब एका बारने वाढतो. २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासात तिप्पट हवा खर्च होते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ६० लिटर घेतो. १२ लिटरच्या सिलिंडरमधली २०० बार दाबाची २,४०० लिटर हवा त्याला ४० मिनिटे पुरेल. ती संपली की श्वास ओढूनही काही येत नाही. माणूस नुकताच श्वास सोडून मोकळा झालेला असेल, तर त्याच्या हाती काही सेकंदच उरतात. त्या सेकंदांत समोरच्याने विचार करून निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सुरुवातीच्या उपकरणांत दुसऱ्याची सोय नव्हती. जाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या अ‍ॅक्वालंगला दोन जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या होत्या. पण त्यांतली एक हवा आत आणायला आणि दुसरी उच्छ्वास मागे न्यायला. माउथपीस एकच. पुढे एका नळीचे रेग्युलेटर आले तरी कित्येक वर्षे तोंड एकच राहिले. दोघांपैकी एकाची हवा संपली तर ‘बडी ब्रीदिंग’ करायचे, असे शिकवले जाई: एकाने दोन श्वास घ्यायचे, माउथपीस दुसऱ्याला द्यायचा, त्याने दोन श्वास घेऊन परत करायचा, आणि असे करत दोघांनी वर यायचे. तलावात ही कसरत जमायची. खोल पाण्यात, घाबरलेल्या माणसाबरोबर ती करताना देणाऱ्याला आपला एकमेव श्वास दुसऱ्याच्या तोंडात जाताना पाहावा लागे आणि तो परत मिळेल यावर विसंबावे लागे.

तत्त्वज्ञांनी नेमका हाच प्रसंग कल्पून ठेवला होता. जहाज फुटले आहे, फळी एक आहे आणि ती एकालाच तारू शकते. हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ कार्नेआदेसच्या नावाने ओळखला जातो. सिसेरोने त्याची चर्चा करताना असे मत नोंदवले आहे की दोघे शहाणे असतील तर ज्याचे जगणे जास्त मोलाचे त्याला फळी मिळावी, आणि मोल सारखेच असेल तर चिठ्ठी टाकावी. कांटने १७९७ मध्ये याच प्रसंगाबद्दल लिहिले की दुसऱ्याला फळीवरून ढकलणे निर्दोष ठरत नाही, पण त्याला शिक्षा देण्यातही अर्थ नसतो. बुडून मरण्याच्या खात्रीपुढे फाशीची धमकी काय करणार? दोघांनीही फळी एकच आहे हे गृहीत धरले. तिथून पुढे सगळी उत्तरे कोणाला तरी सोडून देण्याचीच निघतात.

ज्यू परंपरेतल्या तालमुदमध्ये याच जातीचा, पण अधिक खोल जाणारा एक वाद आहे. दोघे जण वाळवंटातून चालले आहेत. एकाजवळ पाण्याचा बुधला आहे. दोघांनी पाणी प्यायले तर दोघेही मरतील. एकानेच प्यायले तर तो वस्तीपर्यंत पोहोचेल. बेन पेतुरा म्हणतो, दोघांनी प्यावे आणि मरावे, पण एकाने दुसऱ्याचा मृत्यू पाहू नये. दुसऱ्या शतकातला रब्बी अकिवा धर्मग्रंथातल्या एका वचनाचा आधार घेऊन म्हणतो, तुझ्या भावाला तुझ्याबरोबर जगायचे आहे. म्हणजे तुझा जीव आधी. परंपरेने पुढे अकिवाचे मत उचलून धरले. ते स्वार्थाचे समर्थन म्हणून वाचणे चुकीचे होईल. भावाने आपल्याबरोबर जगावे हे कर्तव्य अकिवाला पूर्ण मान्य आहे. मात्र त्या कर्तव्यासाठी आपण जिवंत असणे ही पूर्वअट आहे, एवढेच तो सांगतो. पाणबुड्यांना हा मुद्दा अनुभवाने कळलेला असतो. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला स्वतः बुडाला, तर वाचवण्याजोगी माणसे दोन होतात आणि वाचवणारा कोणी उरत नाही.

ऑक्टोपसने हा पेच बराचसा सोडवला. एका सिलिंडरला दोन सेकंड स्टेज बसल्या आणि फळ्या दोन झाल्या. नेहमीच्या मांडणीत मुख्य सेकंड स्टेजची नळी ७० ते ७५ सेंटिमीटरची असते; ती उजव्या खांद्यावरून तोंडाशी येते. ऑक्टोपसची नळी मीटरभर, बहुधा पिवळी, आणि ती छातीच्या त्रिकोणात, म्हणजे हनुवटी आणि दोन्ही बरगड्यांची टोके यांच्या मधल्या भागात, कुठेतरी अडकवलेली असते. हवा संपल्याची खूण दिसली की डायव्हर ऑक्टोपस काढून पुढे करतो आणि स्वतःचा माउथपीस तोंडातून काढत नाही. जगभरातले बहुतेक हौशी डायव्हर हेच शिकतात.

या मांडणीत एक नैतिक खोट आहे, आणि ती व्यवहारात उघडी पडते. दुसऱ्याला दिली जाणारी वस्तू ही देणाऱ्याने स्वतः क्वचितच वापरलेली असते. ती क्लिपमधून सुटून मागे लोंबते, वाळूत घासते, प्रवाळावर आपटते, तिच्या तोंडात रेती शिरते. डायव्हर तिच्यातून एकदा बोटीवर श्वास घेऊन पाहतो, कधी तेवढेही करत नाही. पुष्कळ संचांत ती मुद्दाम स्वस्त, कमी क्षमतेची घेतलेली असते, कारण ‘ती काय, राखीवच’. कठोपनिषदाच्या सुरुवातीला वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला बसतो आणि म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा वासरू होण्याची आशा नसलेल्या गायी देतो. ते पाहून लहानग्या नचिकेताला अस्वस्थ वाटते, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नातूनच पुढचा सगळा संवाद, तोही थेट मृत्यूशी, घडतो. दान दिल्याचा हिशेब पुरा व्हावा पण घेणाऱ्याच्या हाती काही पडू नये, हे त्या मुलाला सहन झाले नाही. ज्याची तपासणी झालेली नाही असा ऑक्टोपस बाळगणाऱ्याचा हिशेबही तसाच पुरा असतो.

दुसरी मांडणी फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये घडली. तिथे वर पृष्ठभाग नसतो, छत असते. बाहेर पडायचे तर आलेल्या वाटेनेच, आणि काही ठिकाणी एकामागे एक असेच जावे लागते. शेक एक्सली आणि त्यांच्या पिढीच्या गुहा-डायव्हरांनी मुख्य सेकंड स्टेजच लांब नळीवर घेतली. २.१ मीटरची ही नळी फर्स्ट स्टेजपासून उजव्या बाजूने खाली उतरते, कमरेशी अडकवून छातीवरून डावीकडे वर जाते आणि मानेमागून येऊन उजवीकडून तोंडात पोहोचते. दुसरी सेकंड स्टेज ५५ ते ६० सेंटिमीटरच्या आखूड नळीवर, गळ्यातल्या लवचीक दोरीत, हनुवटीखाली टांगलेली असते. हवा संपलेल्या माणसाला तोंडातला माउथपीस द्यायचा आणि स्वतः गळ्यातला घ्यायचा.

इथे घेणाऱ्याच्या तोंडात जाते ती या क्षणापर्यंत चालू असल्याची खात्री असलेली वस्तू. न तपासलेल्याची जोखीम देणाऱ्याने पत्करलेली असते. त्याला दोन-तीन सेकंद माउथपीसशिवाय राहावे लागते, आणि या मांडणीवरचा मुख्य आक्षेपही हाच आहे: जो सुखरूप आहे त्याला क्षणभर का होईना धोक्यात का घालायचे? आक्षेप खरा आहे, विशेषतः नवशिक्यांच्या बाबतीत. पण ती दोन-तीन सेकंदे कोणीतरी सोसायचीच आहेत, आणि ज्याच्या छातीत हवा आहे, काय चालले आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि पुढचा माउथपीस ज्याच्या हनुवटीला टेकलेला आहे, त्यानेच ती सोसणे न्याय्य ठरते. रिकाम्या छातीच्या माणसाला ऑक्टोपस सुटेपर्यंत थांबायला लावणे म्हणजे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकणे. शिवाय घाबरलेला माणूस पिवळी वस्तू शोधत बसत नाही, समोरच्याच्या तोंडात जी चालताना दिसते तिच्यावर झडप घालतो, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात. जे हिसकावले जाणारच आहे ते आधीच द्यायचे ठरवलेले बरे.

याला त्याग म्हणता येणार नाही. भागवतातला रंतिदेव ४८ दिवसांच्या उपासानंतर समोर आलेले अन्न अतिथींना वाटून टाकतो आणि शेवटी उरलेले पाणीही तहानलेल्या पुल्कसाला, म्हणजे अंत्यज मानलेल्या माणसाला, देतो. त्याच्यापाशी मागे काहीच उरत नाही. ती कथा करुणेची परिसीमा दाखवते, पण तिच्यावर नियम उभारता येत नाही. महाभारताच्या शांतिपर्वातला आपद्धर्मही इथे पुरत नाही, कारण संकटात नेहमीचा धर्म किती वाकवता येईल हा त्याचा विषय आहे. गळ्यातल्या दोरीत टांगलेली सेकंड स्टेज संकटालाच नेहमीच्या धर्मात सामावून घेते. अकिवाची अट पाळली जाते, बेन पेतुराचा आग्रहही राहतो, आणि दोघांत निवड करण्याची वेळच येत नाही. वाळवंटातल्या त्या बुधल्यावरचा वाद ज्या ठिकाणी अडतो, त्याच्या एक दिवस आधी, बुधला भरताना, तो सुटण्यासारखा होता.

भरण्याचा हा मुद्दा नळीपेक्षाही महत्त्वाचा आहे. नळी कितीही चांगली असली तरी सिलिंडरमध्ये दोघांपुरती हवा नसेल तर ती काय देणार? ५० बार उरले की पाण्याबाहेर असावे, असा सर्रास संकेत आहे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार म्हणजे ६०० लिटर. दोघे घाबरलेले, प्रत्येकाचा श्वास पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ३० लिटर आणि खोली २० मीटर असे धरले, तर नळी देऊन सावरण्याच्या एका मिनिटात १८० लिटर जातात. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर येताना आणखी सुमारे २७० लिटर लागतात. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे सुरक्षेसाठीचा थांबा, घेतला तर पुन्हा २७०. एकूण ७२० लिटर, म्हणजे ६० बार. ५० बारचा संकेत एकट्यासाठी ऐसपैस आहे. पण त्या आकड्यावर २० मीटरवरून वर यायला निघालेल्या दोघांना सेफ्टी स्टॉप पुरा करता येणार नाही. ३० मीटरवरून हाच हिशेब केला तर सुमारे ८५ बार लागतात.

गुहा-डायव्हरांचा नियम यापेक्षा कडक आहे. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परत यायला, आणि उरलेली एक तृतीयांश राखून ठेवायची; सर्वांत दूरच्या टोकाला सोबत्याची सगळी हवा गेली तरी ती त्याला बाहेर आणण्यासाठी. या नियमाने मालकीची कल्पनाच बदलते. सिलिंडर ज्याच्या पाठीवर आहे त्याच्या मालकीची त्यातली सगळी हवा नाही. काही भाग पहिल्या श्वासापासूनच दुसऱ्याचा आहे आणि डायव्हर त्याचा विश्वस्त आहे. विनोबांनी १९५१ पासून भूदान मागताना असाच विचार मांडला होता. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनदारांना म्हणत. घेणाऱ्यावर उपकार होत नसून त्याचा वाटा त्याला मिळतो आहे, हा त्यामागचा आग्रह होता. राखीव हवेकडे या नजरेने पाहिले की ७० बार उरलेले असताना ‘अजून थोडे फिरू’ म्हणणारा डायव्हर दुसऱ्याच्या वाट्यातून खर्च करत असतो, हे स्पष्ट होते.

घेणाऱ्याचाही धर्म आहे. छांदोग्य उपनिषदात दुष्काळात सापडलेला उषस्ति चाक्रायण एका माहुताकडून त्याचे उष्टे उडीद मागून खातो, पण माहुताने उष्टे पाणी देऊ केल्यावर ते नाकारतो. उडीद खाल्ले नसते तर तो जगला नसता. पाणी मात्र त्याला इतरत्र मिळण्यासारखे होते. गरजेने दिलेला अधिकार गरजेपुरताच, हा त्या कथेचा आशय डायव्हिंगला तंतोतंत लागू पडतो. बडीकडे लांब नळी आहे म्हणून स्वतःचा गेज न पाहणे, हवा जवळजवळ संपेपर्यंत न सांगणे, हे देणाऱ्याच्या तयारीचा गैरफायदा घेणे आहे. तोंडातली हवा संपून मग मागण्याची वेळ येऊ नये, यासाठी दर काही मिनिटांनी एकमेकांना आकडा सांगण्याची पद्धत आहे; ती पाळणे हे मागणाऱ्याचे पहिले कर्तव्य. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकांची गोष्ट वेगळी. त्यांना ना गेज वाचता येतो ना खुणा. तिथे दोन्ही बाजूंचा धर्म एकट्या प्रशिक्षकाच्या अंगावर येतो, आणि म्हणून एका प्रशिक्षकाने एका वेळी किती जणांना धरावे हा प्रश्न धंद्याच्या सोयीवर सोडता येत नाही.

खुल्या समुद्रातल्या हौशी डायव्हरला २.१ मीटरची नळी लागत नाही. एकामागे एक जाण्याजोगी अरुंद वाट तिथे नसते, आणि बॅटरीसारखे काही कमरेला नसेल तर तेवढी नळी नीट बसतही नाही. १.५ मीटरची नळी उजव्या काखेखालून, छातीवरून आणि मानेमागून घेता येते. मीटरभराची नळी काखेखालून सरळ तोंडाशी येते. माउथपीसजवळ फिरता कोपर बसवला की ती गालाला ओढत नाही. हौशी डायव्हरसाठी मीटरभराच्या नळीची ही मांडणी सर्वांत योग्य म्हणावी लागेल. ती शिकायला सोपी आहे, मानेभोवती वेटोळे नाही, आणि समोरासमोर वर येण्यापुरते अंतर मिळते. काही बीसीडींच्या इन्फ्लेटरमध्येच, म्हणजे त्यांत हवा भरण्याच्या भागातच, सेकंड स्टेज बसवलेली असते. तिथेही देणाऱ्याने तोंडातली द्यायची आणि इन्फ्लेटरमधून श्वास घ्यायचा असतो, म्हणून मुख्य नळी नेहमीच्या ७० सेंटिमीटरची ठेवून चालत नाही. ही चूक भाड्याच्या संचांत पुष्कळदा दिसते, आणि तिची किंमत घेणाऱ्याच्या मानेला मोजावी लागते.

मात्र कोणतीही मांडणी एकट्याची असू शकत नाही. एका बोटीवर जोडी लावलेल्या दोन अनोळखी डायव्हरांपैकी एक तोंडातली देणारा आणि दुसरा पिवळी शोधणारा असेल, तर दोघांचीही उपकरणे उत्तम असून गोंधळ होईल. बडीने जन्मभर पिवळ्या ऑक्टोपसचाच सराव केला असेल, तर पाण्यात उतरण्याआधी त्याला गळ्यातली आखूड नळी हाताने दाखवून, ‘ही माझी, तोंडातली तुझी’ असे सांगणे भाग आहे. ज्याला बडीवर विसंबायचेच नाही तो ३ लिटरचा वेगळा छोटा सिलिंडर, त्याच्या स्वतःच्या रेग्युलेटरसह, बरोबर नेतो. तो दूषणीय मार्ग नाही. एका फर्स्ट स्टेजचा बिघाड झाला तर तिच्यावरच्या दोन्ही सेकंड स्टेज निकामी होतात; वेगळ्या सिलिंडरचा आधार तेव्हाही उरतो. शिवाय तो दुसऱ्याला आख्खा देताही येतो.

वाटा राखायचा तर ज्यातून तो जायचा ती नळी राखली पाहिजे. कमी दाबाची नळी फुटली तर सिलिंडर उच्च दाबाच्या नळीपेक्षा कितीतरी लवकर रिकामा होतो, कारण उच्च दाबाच्या नळीच्या मुळाशी मुद्दाम सुईएवढे छिद्र ठेवलेले असते. धातूच्या जोडापाशी रबराला भेगा पडतात. तिथे चढवलेले प्लॅस्टिकचे संरक्षक टोपण त्या झाकून टाकते, म्हणून ते सरकवून पाहावे लागते. विणकामाचे आवरण असलेल्या काही जुन्या नळ्यांत आतला थर उष्ण हवेत कडक होऊन त्याचे कण सुटल्याचे आणि हवेची वाट अडल्याचे आढळले आहे. बाहेरून ती नळी धडधाकट दिसते. सर्व्हिसिंगला संच देताना नळ्या सोडून फक्त स्टेज देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

राहिला सराव. लांब नळीची शिस्त शिकवणाऱ्या गटांत डाइव्हच्या सुरुवातीला, पाच-सहा मीटरवर, प्रत्येक जण तोंडातला माउथपीस काढून हात पूर्ण लांबवतो, नळी कुठे अडकत नाही ना हे पाहतो, गळ्यातल्या सेकंड स्टेजमधून चार श्वास घेतो आणि पुन्हा मूळ जागी येतो. सगळे मिळून एखादे मिनिट लागते. न तपासलेली वस्तू त्यात तपासली जाते, बडीला ती कुठून येईल हे दिसते, आणि देण्याची हालचाल हाताच्या वळणी पडते. ऑक्टोपस वापरणाऱ्यांनाही हे जसेच्या तसे करता येते: क्लिपमधून काढायचा, त्यातून श्वास घ्यायचा, बडीच्या हाती द्यायचा, परत अडकवायचा.